दुसरी बोली

कोथिंबिरीची जुडी घ्यायची असली तरी सरांना तीन भाव लागत. सेक्टरच्या बाजारात एकच भाजीवाला बसलेला असला तर ते काही न घेता परत येत, आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, त्यांना दारातूनच पुन्हा पिटाळत. मग सर पुढच्या सेक्टरपर्यंत चालत जात, तिथल्या भाजीवाल्याला भाव विचारत, पहिल्याकडे परत येत, आणि तोवर पहिल्याची कोथिंबीर संपलेली असे. ऐकीव नाही सांगत मी. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आम्ही त्यांच्या डोक्यावरच राहायचो, आणि आमच्या फ्रिजमधली कोथिंबीर कितीदा तरी त्यांच्या पोह्यांवर गेलेली आहे.

शेजारी तर होतेच, वर ते माझे साहेबही होते. आमच्या सेक्शनचं काम काय, तर सरकारी कचेऱ्यांतला निकामी झालेला माल लिलावात विकणं. मोडक्या खुर्च्या, गंजलेली कपाटं, बंद पडलेले कूलर, टाइपरायटर, खटारा गाड्या. मी तिथं स्टेनो म्हणून लागले तेव्हा घरचे म्हणाले, एवढी शॉर्टहँड शिकून पोरगी भंगारात गेली. मलाही तसंच वाटलं होतं. पण सरांना कुणी भंगार म्हटलेलं खपत नसे. 'माल' म्हणायचं. तीन पायांची खुर्चीसुद्धा माल.

सकाळी आम्ही एकाच बसनं जायचो. बसमध्ये ते मला 'काय गं' म्हणत, काकूंनी डब्यात काय दिलंय ते सांगत, माझ्या मराठीची टर उडवत. मी पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकले खरी, पण वाढले दिल्लीत. उलथन्याला मी पलटा म्हणते, आणि म्हणणारच. तर कचेरीचं गेट आलं की हाच माणूस एका पावलात बदलून जाई. गेटच्या आत मी 'मॅडम' आणि 'आप'. संध्याकाळी गेटबाहेर पाऊल पडलं की पुन्हा 'काय गं'. एकदा मी गेटच्या आत चुकून मराठीत बोलले, तर म्हणाले, "मॅडम, यह बात बाहर चल के कीजिए." बाहेर येऊन विचारलं तर म्हणे, "हं, बोल आता." यार, गोष्ट एवढीच होती की काकूंनी येताना दही आणायला सांगितलं होतं!

सरांचं एक वाक्य होतं. आमच्या सेक्शनला ते पाठ होतं, ठेकेदारांना पाठ होतं, माझ्या नवऱ्यालासुद्धा पाठ होतं. "एक बोली म्हणजे भीक, दोन बोल्या म्हणजे बाजार." लिलावात एकाच माणसानं बोली लावली तर तो लिलावच नव्हे, असं त्यांचं म्हणणं. एकाचीच बोली आली म्हणजे बाकीच्यांनी आधीच बाहेर चहा पीत संगनमत केलेलं असणार. नियमपुस्तकात हे नेमकं कुठं लिहिलंय ते मी कधी पाहिलं नाही. सर म्हणत, आणि बस.

एका पांढऱ्या ॲम्बेसेडरचा लिलाव त्यांनी या पायी पाच वेळा रद्द केला. दरवेळी अंगणात खुर्च्या मांडायच्या, ठेकेदार जमायचे, एकजण बोली लावायचा, बाकीचे आकाशाकडे बघत बसायचे. सर थांबायचे. वर्तमानपत्र उघडून वाचायला लागायचे. ठेकेदार जांभया द्यायचे. तासाभरानं सर घडी घालून उठायचे आणि जाहीर करायचे, "दूसरी बोली नहीं आई. लिलाम रद्द." पाचव्या खेपेपर्यंत गाडीच्या सीटमध्ये गवत उगवलं आणि मागच्या बाजूला मांजर व्यायली. वरच्या साहेबांनी बोलावून झाडलं, की माल सडतोय, जे येईल त्यात काढून टाका. सर म्हणाले, "सर, माल सडला तर चालेल, पद्धत सडता कामा नये." सहाव्या वेळी कंटाळून खरंच दुसऱ्या कुणीतरी बोली लावली, मग पहिल्याला चेव आला, आणि गवतासकट ती गाडी कुणाच्या स्वप्नात नव्हता एवढ्या भावाला गेली. मांजराला आधी हलवलं होतं. त्या दिवशी सरांनी अख्ख्या सेक्शनला समोसे खायला घातले. तीन दुकानांत भाव विचारून, अर्थात.

हे खूळ कचेरीत ठेवून आले असते तर ठीक. पण नाही. मुलीच्या लग्नाच्या वेळी पुण्याचं एक फार चांगलं स्थळ सांगून आलं. मुलगा शिकलेला, सिंगापूरला नोकरी, माणसं साधी. मुलीला पसंत, काकूंना पसंत. सर म्हणाले, "एकच स्थळ आलंय. अजून दोन येऊ देत, मग ठरवू." काकूंनी डोकं धरलं. शेवटी त्यांनी काय केलं असेल? आपल्या दोन भावांना फोन करून दोन खोटी स्थळं मागवली. एक गाझियाबादचं, एक नागपूरचं. सरांनी तिन्हींचा तक्ता केला, उंची, शिक्षण, पगार, गोत्र, सगळे रकाने आखून, आणि पुण्याचं पहिल्या क्रमांकावर आलं म्हणून मंजूर केलं. हे काकूंनी मला लग्नानंतर चार वर्षांनी सांगितलं, तेही दार लावून.

तर ही मुलगी आणि जावई. सरांच्या रिटायरमेंटला वर्ष उरलं होतं तेव्हा त्यांनी सर-काकूंना सिंगापूरला बोलावलं आणि तीन दिवसांच्या क्रूझवर धाडलं. मोठं जहाज, आत थिएटर, पोहण्याचा तलाव, दिवसभर खाणं. सरांनी परदेशी जाण्याची परवानगी, रजा, सगळे कागद चोख केले आणि गेले. परत आले ते एक चित्र विकत घेऊन.

चित्र म्हणजे पांढऱ्या पायऱ्या, खाली निळा समुद्र, पायरीवर लाल फुलांची कुंडी. वाईट नव्हतं. डेंटिस्टकडे बसल्यावर आपण बघत राहतो तसं. जहाजावर चित्रांचा लिलाव असतो, तिथं सरांनी ते घेतलं होतं, एक महिन्याचा पगार मोजून. चित्र मागाहून मोठ्या लाकडी खोक्यातून घरी आलं आणि सोबत एक सर्टिफिकेट आलं. सोनेरी किनार, उठावाचा शिक्का. त्यात लिहिलं होतं की या कलाकृतीची किंमत अमुक. ती किंमत सरांनी दिलेल्या पैशांच्या दहापट होती.

झालं! सरांचे पाय जमिनीवर ठरेनात. चित्र दिवाणखान्यात लागलं आणि शेजारी, त्याच उंचीवर, फ्रेम करून सर्टिफिकेट लागलं. चहाला येणाऱ्याला आधी सर्टिफिकेट वाचावं लागे, मग चित्र बघितलं नाही तरी चाले. एवढ्यावर भागलं नाही. त्याची झेरॉक्स त्यांनी कचेरीतल्या टेबलाच्या काचेखाली ठेवली. ठेकेदार आला की काचेवर बोट ठेवून म्हणायचे, "देखो, लिलाम में माल ऐसे पहचाना जाता है. आज तक मुझे किसी ने ठगा नहीं."

खरं काय झालं होतं ते मला काकूंनी सांगितलं. आम्ही दोघी गच्चीवर पापड वाळत घालत होतो.

"अगं, कसलं पारखणं नि कसलं काय! जहाजावर चित्रं मांडून ठेवलेली, फुकट सरबत मिळतं म्हणून आम्ही जाऊन बसलो. दारात प्रत्येकाला नंबराचा एकेक पुठ्ठा देत होते, तो यांनी घेतला. सुटाबुटातला एकजण भराभरा बोलत होता. हे चित्र आलं, तर एका म्हाताऱ्या मडमेनं पुठ्ठा वर केला. दुसरं कुणी करेना. तो सुटातला हातोडी उचलतोय, आणि हे माझ्या शेजारी चुळबुळायला लागले. म्हणाले, अगं, सिंगल बोली आहे, हे चालत नाही. मी म्हटलं, तुमच्या काकाचं जहाज आहे का? गप्प बसा. तर म्हणाले, दुसरी बोली आल्याशिवाय ती बाई वर कशी जाईल? आणि केला ना पुठ्ठा वर!"

"मग?"

"मग काय! त्या बाईनं यांच्याकडे बघून गोड हसून पुठ्ठा पर्समध्ये ठेवला. हातोडी पडली. सगळे टाळ्या वाजवतायत आणि हे मला विचारतायत, 'अगं, ती का थांबली?' लष्कराच्या भाकऱ्या भाजायला गेले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच."

मी इतकी हसले की पापडावर बसले.

हसू पुढं फार दिवस टिकलं नाही. रिटायरमेंटला तीन महिने राहिले असताना एका ठेकेदारानं लेखी तक्रार केली. सरांनी त्याला कधीकाळी संगनमतासाठी काळ्या यादीत टाकलं होतं, तो डूख धरून होता. तक्रार सही करून, नावानिशी. सोबत त्या सर्टिफिकेटचा फोटो, सरांच्याच टेबलावर काढलेला. आणि प्रश्न असा विचारलेला की वरचा माणूस विचारात पडावा. दहा महिन्यांच्या पगाराची वस्तू एका महिन्याच्या पगारात कोण देतं? हा माणूस सरकारी माल विकतो. मग ही उरलेली किंमत कुणी भरली आणि कशाच्या बदल्यात?

व्हिजिलन्सचा मेमो आला. मी तो डायरीत चढवला. आमच्याकडे व्हिजिलन्सची केस उघडी असताना रिटायर होणं म्हणजे काय ते सरकारी घरातल्या माणसाला सांगावं लागत नाही. पूर्ण पेन्शन अडकते, ग्रॅच्युइटी अडकते, चौकशी वर्षानुवर्षं चालते. पण ते एकवेळ परवडलं. निरोपाच्या दिवशी हार घालणारा माणूस हार घालताना काय विचार करत असेल, ते जन्मभर मनातून जात नाही. आणि सरांकडे दुसरं होतं काय? ना गाव, ना शेत, ना फ्लॅट. छत्तीस वर्षांत या माणसानं ठेकेदाराचा चहासुद्धा घेतलेला नव्हता. तेवढी एक गोष्ट त्यांची स्वतःची होती.

सुटायला एक सरळ वाट होती. माझ्यासारख्या स्टेनोलाही दिसत होती. चित्र काही तेवढ्या किमतीचं नाही, सर्टिफिकेट फुगवलेलं आहे, मी चुकून बोली लावली आणि फसलो. एवढं लिहून दिलं की तक्रारीतली हवाच गेली.

पण सर लिहून देतील तर ना! त्यांनी मला उत्तर डिक्टेट केलं. 'बचपन से चित्रकला में विशेष रुचि रही है. दीर्घ अनुभव के आधार पर उक्त चित्र का सही मूल्य पहचान कर...' मी पेन्सिल थांबवली. म्हटलं, "सर, ते तुमच्या दुसऱ्या बोलीचं लिहायला हवं ना?"

"मॅडम, आपसे जितना कहा है उतना लिखिए."

आणि मी लिहिलं. टाइप केलं, त्यांनी सही केली, मी ते पाठवून दिलं. त्या दिवशी बसमध्ये मी त्यांच्या शेजारी बसले नाही. राग त्यांचा आला होता की माझा ते मला आजही सांगता येत नाही. सुंभ जळतोय, तरी पीळ सोडवत नाही, असं मनात म्हणत मी मोतीबागपर्यंत रडले. मुकाट्यानं, पदर तोंडाला लावून.

काकूंनी घरी आकाशपाताळ एक केलं. सर म्हणायचे, "कर नाही त्याला डर कशाला?" आणि रात्र रात्र पंख्याकडे बघत पडायचे. हेही काकूंनीच सांगितलं. जेवण निम्म्यावर आलं. भाव विचारायचेही बंद झाले. मी एकदा त्यांना बाजारात पहिल्याच भाजीवाल्याकडून टोमॅटो घेताना पाहिलं.

चौकशी करणाऱ्या मॅडम तामिळ होत्या, बारीक, पांढऱ्या केसांच्या, कधी आवाज न चढवणाऱ्या. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "आपको चित्रकला में रुचि कब से है?"

"बचपन से, मैडम."

"अच्छा. दो-तीन चित्रकारों के नाम बताइए."

सरांनी छताकडे पाहिलं. मग खिडकीकडे. मी शॉर्टहँड घेत होते, त्यांची स्टेनो रजेवर म्हणून मलाच बसवलं होतं. सर म्हणाले, "नाम अभी ध्यान में नहीं आ रहे." मॅडमनी ते टिपून घेतलं. मला त्यांचं टिपून घेणंच जास्त भयंकर वाटलं. एवढा मोठा कलाप्रेमी, आणि एक नाव नाही! आता त्यांना खरोखरच संशय आला होता.

दुसऱ्या तारखेला चित्र हजर करायचा हुकूम झाला. काकू आणि मी ते चादरीत गुंडाळून ऑटोतून नेलं. ऑटोत ते आडवं मावेना, उभं मावेना. शेवटी काकूंनी ते मांडीवर आडवं धरलं आणि दोन्ही टोकं बाहेर. ऑटोवाला म्हणाला, "माताजी, क़ीमती है क्या?" काकू म्हणाल्या, "भगवान करे, ना हो."

खोलीत एका लोखंडी कपाटाला चित्र टेकवून उभं केलं. काकूंना बाहेर बाकावर बसवलं. आत मॅडम, सर, मी आणि कला महाविद्यालयातून बोलावलेले एक म्हातारे बंगाली प्राध्यापक. त्यांनी खिशातून भिंग काढलं, समुद्राला लावलं, फुलांना लावलं, आणि अर्ध्या मिनिटात सरळ झाले.

"यह तो छपाई है, मैडम. कैनवास पर छपा है. ऊपर से दो-चार जगह ब्रश लगा दिया है. कोने में नंबर है, देखिए. ऐसे सैकड़ों होंगे."

"क़ीमत?"

"फ्रेम अच्छी है," प्राध्यापक म्हणाले.

सुटलो एकदाचे! मी सरांकडे पाहिलं. वाटलं, आता हा माणूस खुर्चीत मागे टेकेल. तर सर ताडकन उभे राहिले.

"मैडम, मुझे आपत्ति है. एक ही एक्सपर्ट की राय नहीं चलती. दूसरी राय लीजिए."

देवा रे! मला वाटलं शॉर्टहँडची वही त्यांच्या डोक्यात घालावी. सुटका समोर चालून आलेली, आणि हे म्हणतात दुसरी राय! मॅडमनी चष्मा वर सरकवला. "आप समझ रहे हैं न, कि यह राय आपके पक्ष में है?"

"पक्ष-विपक्ष का सवाल नहीं, मैडम. पद्धति का है."

तेवढ्यात दार उघडलं. काकू! त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. दाराला कान लावून बसल्या होत्या म्हणे, आणि वर "मी नाही तर कोण लावणार?" असं त्यांनीच मला नंतर विचारलं. हातात जेवणाचा डबा, घाम, आणि हिंदी अशी की मराठीच, फक्त टोपी घातलेली.

"मैडमजी, इनका कुछ मत सुनो. इनको चित्र-बित्र कुछ नहीं कळता. घर की भिंत को कौनसा रंग है वो भी नहीं बता पाएँगे. वो एक म्हातारी मडम बोली लगा रही थी, अकेली. इनसे देखा नहीं गया. दूसरी बोली चाहिए बोले, और हात वर किया. वो बाई रुक गई और चित्र इनके गले पड़ गया. इतनाच है. मेरी बेटी की कसम."

मॅडमनी काकूंना खुर्चीत बसायची खूण केली. मग म्हणाल्या, "वो ॲम्बेसेडर वाली फ़ाइल मेरे पास से गई थी. पाँच बार." पण हसल्या नाहीत. सरांकडे वळल्या. "सर, यह बात मैं इनसे सुनकर नहीं लिख सकती. आपसे सुनूँगी."

सर उभेच होते. मी खाली बघितलं, मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. मग सरांनी प्राध्यापकांना विचारलं, हळू आवाजात, "यह जो सर्टिफिकेट है... यह किसने दिया?"

"जिसने बेचा, उसी ने. और कौन देगा? नीचे पता देखिए. रसीद पर भी वही होगा."

सरांनी फायलीतून रसीद काढली. सर्टिफिकेट काढलं. दोन्ही कागद मॅडमच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि वाकून वाचायला लागले. तोच पत्ता, तीच सही. हे कागद कित्येक महिने त्यांच्या घरात होते. ज्या माणसानं छत्तीस वर्षं आम्हाला घोकून घेतलं की मालाची किंमत विकणाऱ्यानं कधीही ठरवायची नाही, त्यासाठी वेगळी समिती हवी, त्यानं ते एकदाही शेजारी ठेवून पाहिले नव्हते. त्यांनी चष्मा काढला. रुमालानं पुसला. पुन्हा घातला आणि पुन्हा वाचलं.

"लिखिए, मैडम," ते मला म्हणाले.

मी पेन्सिल उचलली.

"लिलाम में एक ही बोली थी. मुझसे रहा नहीं गया, इसलिए मैंने दूसरी दी. लेने का इरादा नहीं था. बाद में जो क़ीमत मैंने सबको दिखाई, वह बेचनेवाले की लिखी हुई थी. दूसरों को जो सिखाया, वह ख़ुद नहीं देखा. चित्रकला में मेरी कोई रुचि नहीं है. पिछला बयान मैंने अपनी इज़्ज़त के लिए झूठ लिखवाया था, टाइप करनेवाली मैडम का उसमें कोई दोष नहीं." थोडं थांबले. "मैं ठगा गया हूँ."

माझ्या शॉर्टहँडच्या रेघा त्या पानावर वाकड्यातिकड्या आहेत. टाइप करताना मला त्या वाचता येईनात, पण वाचायची गरज नव्हती.

बाहेर कॉरिडॉरमध्ये आम्ही तिघं चित्र घेऊन उभे राहिलो. गेटच्या बाहेर पाऊल पडल्याबरोबर सर म्हणाले, "काय गं, भूक लागली असेल तुला?" आणि बसस्टॉपच्या बाकावर, चित्र पाठीला लावून, काकूंच्या डब्यातली थालीपीठं आम्ही खाल्ली. सरांनी तीन खाल्ली. काकू बघत होत्या आणि मोजत होत्या, मला दिसत होतं.

पुढचे पंधरा दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. मी रोज डाक उघडताना देवाचं नाव घ्यायची. एक दिवस दुपारी पाकीट आलं. आरोपात तथ्य नाही, प्रकरण बंद, रिटायरमेंटला हरकत नाही. चार ओळी. खोटं का सांगू, मी ते वाचून टेबलावर डोकं ठेवलं आणि ढसाढसा रडले. सेक्शनमधले धावत आले, त्यांना वाटलं घरी कुणी गेलं. सरांनी कागद दोनदा वाचला, झेरॉक्स काढायला दिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा अर्ध्या दिवसाची रजा टाकली. माझीही त्यांनीच टाकली.

घरी पोचलो तर काकू जिन्यातच उभ्या. मी फोन केला होता ना. सरांना हाताला धरून आत नेलं, वेताच्या खुर्चीत बसवलं आणि मला पैसे दिले. "जा, मोतीचुराचे लाडू घेऊन ये. दोन किलो. आणि हे बघ, जे पहिलं दुकान लागेल तिथूनच आण."

मी आणले. काकूंनी पहिला लाडू देवापुढे ठेवला, दुसरा सरांच्या हातात. सर लाडवाकडे बघून म्हणाले, "कशाचे गं हे?" काकू म्हणाल्या, "तुम्ही फसलात त्याचे. खा मुकाट्यानं." सर हसले. मोठ्यानं नाही, पण पोट हलेपर्यंत हसले. मी ताटल्या आणायला आत गेले. बाहेर आले तर त्यांची मान खुर्चीच्या पाठीवर टेकली होती, तोंड किंचित उघडं, श्वास संथ. अर्धा लाडू अजून बोटांत. दोन महिन्यांत काकूंनी त्यांना असं झोपलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी वाकून तो लाडू बोटांतून सोडवला, सांडलेल्या कळ्या पँटवरून टिपल्या आणि तिथंच जमिनीवर, त्यांच्या पायांशी बसल्या.

दारात समोरच्या पंजाबी वहिनी आल्या. लाडवांचा डबा बघून त्यांनी तोंडभर विचारलं, "अरे वाह आंटीजी, किस ख़ुशी में?"

काकूंनी ओठांवर बोट ठेवलं.

"हमारे साहब ठगे गए जी," त्या कुजबुजल्या. "धीरे बोलो, अभी-अभी आँख लगी है."